बावीस आटे

साहेब तिसऱ्यांदा दारात आले, तेव्हाही चावीवाल्याने मान वर केली नाही.

तो खिडकीशी भिंतीला टेकून बसला होता. बायकोने चहाचा कप त्याच्या हातात दिला, बोटं कपाच्या कानात नीट बसली की नाही ते पाहिलं, मग सोडला. साहेबांना तिने चहा विचारला नाही. बसा म्हणायचीही घाई केली नाही.

"काका, झालं गेलं सोडून द्या," साहेब म्हणाले. "वरच्या भागात नऊ दिवस पाणी नाही. हॉस्पिटलची टाकी उद्या दुपारपर्यंत पुरेल. टँकरला पालिकेकडे पैसे नाहीत."

तीन महिन्यांपूर्वी 'काका' नव्हतं. 'ओ चावीवाले' होतं. पालिकेची तिजोरी आटली आणि साहेबांनी पाणी खात्यातली चौदा नावं एका दुपारी कापली. चावीवाल्याच्या पेन्शनला अकरा महिने उरले होते. तो विनंती करायला गेला, तेव्हा साहेब भर कचेरीत म्हणाले, "चावी तर फिरवायची असते. कोणीही डोळे मिटून फिरवेल." सगळे हसले. मग त्याच्याकडून चावी जमा करून घेतली. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, रस्त्याखालचे व्हॉल्व्ह फिरवायची. एकोणतीस वर्षं ती दाराआडच्या कोपऱ्यात उभी असायची. तिथे फरशीवर गंजाचा गोल डाग राहिला होता. बायको रोज केर काढायची, पण तो डाग तिने घासला नाही.

"एखादी वही तरी असेल," साहेब म्हणाले. "कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा..."

"वही नाही," चावीवाला म्हणाला. "आणि माझे गुडघे गेलेत. हिला घेऊन जा."

"काकूंना?"

"डबा घेऊन मागे मागे फिरलेय इतकी वर्षं," बायको चपला घालत म्हणाली. ते खरं होतं. म्हातारा बायकोशिवाय पाऊल टाकत नाही, अशी गल्लीत थट्टाच होती. "पण चावी तुम्ही फिरवायची हं, साहेब. माझ्याच्याने कुठली उचलायला."

"ठेकेदाराची माणसं आहेत ना."

"त्यांनी परवा एक पाईप फोडला. तुम्हीच फिरवा. डोळे मिटून फिरवतात म्हणे."

साहेबांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

शाळेच्या कोपऱ्यावर तिने डांबरावर टाच आपटली. "इथे खणा." वीतभर खाली चेंबरचं झाकण निघालं. साहेब गुडघाभर चिखलात उतरले, चावी बसवली आणि इतर व्हॉल्व्ह उघडतात तशी डावीकडे ओढू लागले. ती हलेना.

"उजवीकडे," ती म्हणाली.

"उजवीकडे फिरवलं तर बंद होतो."

"बाकीचे होतात. हा उलटा आहे. नऊ दिवसांपूर्वी तुमच्या माणसांनी उघडतोय म्हणून हा आवळला आणि वर डांबर घातलं."

आठव्या आट्याला जमिनीखाली घरघर झाली. बाराव्याला पाणी वर निघाल्याचा आवाज आला. समोरच्या तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं." साहेबांनी चिखलाच्या हाताने कपाळ पुसलं.

"जोर नाही अजून," ती म्हणाली. "हॉस्पिटलपर्यंत चढायचं नाही. खालचा एक बंद करावा लागेल."

खालच्या चौकात बावीस आटे होते. ती कडेला दगडावर बसून मोजत राहिली. पंधराव्याला साहेबांच्या तळहाताचा फोड फुटला. "सोळा," ती म्हणाली. साहेबांनी कुठला भाग बंद होतोय ते विचारलं नाही. बाविसावा झाला आणि त्यांचा फोन वाजला. घरून होता. नळ गेला होता.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं.

"पाणी तेवढंच आहे," ती म्हणाली. "वर द्यायचं तर खाली थांबवायचं. हे रोज थोडा थोडा वेळ सगळ्यांनाच थांबवायचे. तीन महिने तुमच्या गल्लीला चोवीस तास होतं, कळलं नाही होय?"

"परत किती आटे सोडायचे?"

तिने पिशवीतून चार घड्यांचा कागद काढला. मुलीकडून लिहून घेतलेला. चावीवाल्याला मागच्या तारखेपासून कामावर घेण्यात येत आहे. "ज्या पेनाने नाव कापलंत, त्याच पेनाने सही करा. शिक्का मारून आणा. मी इथेच बसते."

"काकू, ही अडवणूक झाली."

"हो," ती म्हणाली.

दीड तासाने साहेब कागद घेऊन आले. तिने ओळ न् ओळ वाचली, शिक्का बोटाने चोळून पाहिला. मग उठली, चावी एका हाताने चेंबरमधून उपसली आणि खांद्यावर टाकली. साहेब बघत राहिले.

"आणि आमचं पाणी?"

"सोमवारी. हे कामावर आले की."

"निदान काकांना सांगून सगळ्या व्हॉल्व्हचा एक नकाशा तरी काढून द्या."

"सांगते," ती म्हणाली.

घरी पोचली तेव्हा चावीवाला तसाच खिडकीशी होता. चावी कोपऱ्यात टेकल्याचा आवाज झाला, तशी त्याने मान वळवली. तिने कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट चाचपला आणि शिक्क्याच्या ओलसर जागी अंगठा टेकवला.

"वाच," तो म्हणाला.

तिने वाचून दाखवलं. मग साहेबांच्या तळहाताचं सांगितलं, चिखलाचं सांगितलं, घरून आलेल्या फोनचं दोनदा सांगितलं. तो तीन महिन्यांत पहिल्यांदा हसला.

"आणि व्हॉल्व्हचा नकाशा मागतायत तुमच्याकडून."

"तूच काढून दे, बाई," चावीवाला म्हणाला. "सहा वर्षं झाली, मला रस्तासुद्धा दिसलेला नाही."