नानांचं वाचन

“तिने दाराच्या कडीला हात लावला, आणि आत कुणी बोलतंय का, हे ऐकायला ती क्षणभर थांबली...” नाना वाचत होते. एक डोळा कादंबरीवर, दुसरा आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर.

समोर सुनंदाबाई मांडी घालून ऐकत होत्या. काचबिंदूने नजर गेली तेव्हा त्या एकाच गोष्टीसाठी रडल्या होत्या, की आता वाचायचं कसं? तेव्हापासून देवपुरातल्या त्या घरात रोज दिवेलागणीला नवरा वाची आणि बायको ऐके. भल्या जाडजूड कादंबऱ्यांचा दोघांनी फडशा पाडला होता. पुस्तकात कुणी गेलं, की त्या दिवशी दोघांनाही घास उतरत नसे.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत पुण्याच्या मुलाने कॉम्प्युटर आणला, इंटरनेट जोडून दिलं. नाना आधी नुसती मुलाची ई-मेल बघत. मग पेपर आले, मग क्रिकेट, मग जगाच्या नाही नाही त्या चौकश्या. एक उघडलं की दुसरं खुणावायचं. पडद्यावर पान उघडायला मात्र फार वेळ लागे. तेवढ्या वेळात बायकोला वाचून दाखवायचं, अशी सोय नानांनी लावून घेतली होती. आपण दोन्हीकडे कसं सांभाळतो, याचं स्वारीला कौतुकही होतं.

आताही आत पान उघडलं. नानांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं, होती तिथेच खूण घालून पुस्तक मिटलं आणि ते उठले.

“पुढचं उद्या. छान रंगलीय, नाही?”

रोज सुनंदाबाई मान डोलवायच्या. आज त्यांनी डोलवली नाही. माहेर शिंदखेड्याकडचं, तिथली बोली त्यांच्या तोंडची कधी सुटली नव्हती.

“सोमवारपासून ती पोर दारातच उभी शे,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“पान तेच शे.”

नाना खाली बसले. त्यांनी पुस्तक उघडलं. काल काय वाचलं ते आठवून पाहिलं, परवाचं आठवून पाहिलं. काही आठवेना. आत्ता वाचलेलंसुद्धा ओठांवरून गेलं होतं, डोक्यात शिरलंच नव्हतं. तिला दिसत नव्हतं, तरी त्यांना तिच्यासमोर मान वर करवेना.

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

सुनंदाबाईंनी पदर सारखा केला.

“माले वाटनं, टोकसू तर इतलं बी बंद व्हई जाई.”