महालक्ष्म्यांतलं पाखंड

"यंदा सवाष्णीची ओटी मी भरणार," मंजिरी म्हणाली आणि तिनं नारळ उचलला.

लताबाईंचा पुरणपोळी उलटायचा हात तव्यावर थांबला. ज्येष्ठा-कनिष्ठा मखरात उभ्या, सवाष्ण यायची वेळ झालेली, आणि माहेरी परत आलेली विधवा पोरगी म्हणते, ओटी भरणार!

"हे पाखंड माझ्या घरात नाही चालणार. सगळं समजते तुले, तरी काहून असं करून राहिली?"

"समजते म्हणूनच. मागच्या साली मले मागच्या खोलीत बसवलं. माझ्या हातची कढी चालली, मी नाही चालली." मंजिरीचा आवाज चढला. "आज भरू नाही दिली, तर संध्याकाळच्या गाडीनं मी नागपूरला. मग ह्या घराची पायरी चढणार नाही."

बोलेल ते करणारी पोरगी. आईचा चेहरा उतरलेला तिला दिसला, पण नारळ काही तिनं खाली ठेवला नाही.

तेवढ्यात पद्मिनीमावशी आल्या. अभनपूरच्या शाळेत संस्कृत शिकवून रिटायर झालेल्या. ठसठशीत कुंकू, मनगटभर हिरव्या बांगड्या. गोल बाजारात बांगड्या भरताना लताबाईंनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं आणि तिथंच सवाष्ण म्हणून आवतण दिलं. तेव्हापासून दरवर्षी त्याच. मुलाला, शिशिरला, नोकरी लागली, सुनेची कूस उजवली, सगळं लताबाईंनी पद्मिनीबाईंच्या पायगुणावर टाकलं होतं.

"अच्युतराव भाऊजी काय म्हणतात?" मावशींचे पाय धुता धुता लताबाईंनी विचारलं.

"काही म्हणत नाहीत. शांत आहेत."

"यंदा तरी आणायचं होतं."

"ते कुठले येतात आता!"

"जाताना त्यांचा डबा नेजा. पुरण जास्त घालते."

पद्मिनीमावशी हसल्या आणि पाटावर बसल्या. मंजिरीनं ताट वाढलं. आईच्या पळीचा आवाज नको तितका होत होता.

"कशाचा राग आहे?" मावशींनी विचारलं.

"पाखंड म्हणते मले," मंजिरी म्हणाली.

"हव? मोठा जुना शब्द आहे." मावशींनी कढीचा भुरका मारला. "अशोकाच्या शिलालेखात 'पासंड' आहे. म्हणजे पंथ. कोणाचाबी. दुसऱ्याच्या पंथालेबी मान द्या, असं लिहिलं आहे त्यानं. मग लोकांनी काय केलं, आपल्या रस्त्यानं न चालणाऱ्याले तोच शब्द फेकून मारला. मारता मारता त्याचा अर्थच झाला ढोंग."

"तुमच्या शाळेत असंल ते," लताबाई म्हणाल्या. "आमच्या घरी पाखंड म्हणजे पाखंड. आत एक, बाहेर एक."

"तेबी खरं आहे," मावशी म्हणाल्या आणि पोळी मोडली.

जेवण झालं. मावशी महालक्ष्म्यांसमोर बसल्या. मंजिरी सूप घेऊन पुढं झाली: तांदूळ, खण, हळकुंड, नारळ. आईनं तिचं मनगट धरलं.

"पद्मिनीबाई, तुमीच सांगा हिले. दुसरं काही असतं तर मी ऐकलं असतं. हा भाऊजींच्या आयुष्याचा सवाल आहे."

मावशींनी मंजिरीसमोर पदर पसरला.

"अहो, त्यांचं काही बरंवाईट झालं तर?"

मंजिरीलाही भीती वाटली, खोटं कशाला बोला. असल्या गोष्टी डोक्यातून जातात, अंगातून जात नाहीत. अभनपूरच्या त्या कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्याला उद्या साधी शिंक आली तरी बोल तिच्यावरच येणार होता.

मग तिला मागची खोली आठवली. तिनं मनगट सोडवून घेतलं, मावशींच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओंजळ भरभरून तांदूळ त्यांच्या पदरात घातले. वर नारळ ठेवला.

लताबाईंनी मखरापुढं हात जोडले. "काय केलं हे पोट्टीनं! आता भाऊजींचं कसं होईल?"

पद्मिनीमावशींनी ओटीला गाठ मारली, नारळ नीट बसला का ते चाचपलं आणि मंजिरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"काही होत नाही, लता. गोल बाजारात तू मले पहिलं आवतण दिलं ना, त्याच्या आदल्याच साली अच्युतराव गेले होते."