शुक्रवारचे मासे

गळ रमणच्या स्वतःच्याच शर्टात अडकला. पहिल्या खेपेला तो मागच्या खजुरीत अडकला होता, म्हणजे तशी प्रगती होती. समोर एवढी नदी पसरली होती आणि गळ तेवढा तिच्याकडे जायला तयार नव्हता. अकरा वर्षांची उर्वी खडकावर बसून बापाकडे बघत होती. हसतही नव्हती. रमणला घाम फुटला तो नुसता उन्हाने नव्हे.

मस्कतपासून दोन तासांवर, सूरच्या रस्त्याला, उघड्याबोडक्या डोंगरांच्या पोटात ही गोड्या पाण्याची नदी होती. इथले लोक तिला वादी म्हणतात. मे महिन्यातली भर दुपार. रमणचे खोलीतले सोबती हुसैनमियाँ दोघांना गाडीतून इथवर घेऊन आले आणि जुम्म्याच्या नमाजाला जवळच्या गावात निघून गेले. जाताना रमणच्या कानाशी पुटपुटले, "तासाभरात येतो. तवर कसंतरी निभाव." काय निभवायचं, ते त्या दोघांनाच ठाऊक होतं.

रमण एसी दुरुस्त करायचा. शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी, सगळे घरी, म्हणून एसी नेमके शुक्रवारीच बिघडायचे. सहा वर्षांपूर्वी राजापूरकडच्या गावातून चिमुरड्या उर्वीने फोनवर विचारलं होतं, "बाबा, तुम्ही सुट्टीत काय करता?" आता शिडीवर चढतो असं पोरीला काय सांगायचं! गल्फमधला माणूस घरी खरं सांगत नाही, तो कायम मजेत असतो. खोलीत हुसैनमियाँ मासे साफ करत बसले होते. रत्नागिरीच्या खाडीकाठचा माणूस, गळ टाकल्याशिवाय त्यांचा शुक्रवार सुना जायचा. रमणने त्यांच्या पातेल्याकडे बघून ठोकून दिलं, "मासे पकडतो."

झालं! तेव्हापासून दर शुक्रवारी उर्वीला नवा मासा लागायचा. हुसैनमियाँ पकडायचे, रमण फोनवर सांगायचा. हळूहळू उर्वीही सांगायला लागली. गावच्या वहाळावर आज दोन मळवे मिळाले, आज वाम लागली होती पण हातातून निसटली. रमण खूश. पोरगी कितवीत आहे हे तो अधूनमधून विसरायचा, वाम कुठल्या दगडाखाली निसटली ते मात्र त्याला पाठ. बापलेकीत दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतंच. दोन वर्षांनी महिनाभर तो गावी जायचा तो गणपतीत, आणि गणपतीत घरात मासळीचं नाव काढायचं नाही. त्यामुळे थाप सहा वर्षं सुखरूप राहिली.

यंदा मात्र मायलेकीच सुट्टीला मस्कतच्या माबेला भागात त्याच्या खोलीवर येऊन थडकल्या. आठवडाभर उर्वी त्याच्याशी जेमतेम चार शब्द बोलली असेल. शेवटी कलावती म्हणाली, "अहो, तुमची ती नदी दाखवा की तिला. मी वाटण करून ठेवते." आणि हसली. का हसली ते रमणला कळलं नाही. उर्वीचा चेहरा मात्र नदीचं नाव निघाल्यावर एकदम उतरला. तेही त्याला कळलं नाही.

आता त्याला एकच कळत होतं. थोड्या वेळात पितळ उघडं पडणार. मासे खोटे निघाले, की फोनवरचा बाप खोटा. मग पोरीशी बोलायला त्याच्याकडे उरणार काय?

त्याने शर्टातून गळ सोडवला आणि हुशारी करून काठी तिच्या हातात दिली. "दाखव बघू तुझी कमाल."

उर्वीने काठी घेतली. केरसुणी धरावी तशी धरली. कणकेचा गोळा गळाला लावायला गेली तर तो बोटांनाच चिकटला. झाडला तर पाण्यात पडला, आणि दहाबारा मासे आरामात येऊन तो खाऊन गेले. रमण चक्रावला. वाम पकडणारी पोर ही? का आपली फजिती झाली म्हणून मुद्दाम असं करतेय? का हल्ली अशीच धरतात काठी?

"उन्हात मासे झोपतात ना, बाबा?" ती म्हणाली.

"झोपतात तर! गाढ झोपतात," रमण घाईघाईने म्हणाला. दोघांच्याही पायांशी मासे लुचत होते.

मग गळ काठीला गुरफटला. ती सोडवायला गेली, तो सोडवायला गेला, दोरीचा पार गुंता झाला. उर्वीचा चेहरा रडवेला झाला. तिला सगळं कळून चुकलंय, असं रमणला वाटलं. त्याला ते सोसवेना. तो तिच्याशेजारी खडकावर बसला.

"उर्वी, मला मासे पकडता येत नाहीत. या नदीवर मी आज पहिल्यांदा आलोय. शुक्रवारी मी कामावरच असायचो गं."

उर्वी बघतच राहिली. "मग ते सगळे मासे?"

"हुसैनमियाँचे."

ती मान खाली घालून गुंता ओढत राहिली. रमणने मनाची तयारी केली. आता ही उठेल, गाडीत जाऊन बसेल आणि पुन्हा कधी फोनवर येणार नाही.

उर्वी त्याच्याकडे सरकली. "माझे पण खोटेच होते, बाबा. दारावर मासळी विकायला हाफिजाचाची येते ना, तिला विचारून ठेवायचे मी. तुमचे मासे सांगून झाले की तुम्ही लगेच फोन ठेवायला निघायचात. मग मी माझे काढायचे."