आक्काचा ब्रेक

अंजूरचा केसरीनाथ गाडी चालवायचा, तेव्हा शेजारी बसलेली त्याची मोठी बहीण आक्का प्रत्येक वळणाला मॅटवर पाय दाबायची. “आक्का, तुझ्याकडं ब्रेक न्हाय!” म्हणत तो खो खो हसायचा.

ब्रेक करकरायला लागला, तशी दोघं भिवंडीला अरशदच्या गॅरेजात आली.

चाक काढून अरशद चक्रावला. “सेठ, पॅड कधीच संपलेत. डिस्कपण पार खरवडलीय. अशी गाडी थांबतच नाय!”

“मग आक्कानंच थांबवली असंल!” केसरीनाथ हसला.

अरशदही हसला आणि गंमत म्हणून त्यानं आक्काच्या सीटपुढची मॅट उचलली. खालचा पत्रा पावलाएवढ्या जागेत घासून आरशासारखा चकाकत होता. त्यानं बोट लावलं आणि चटका बसून मागं घेतलं.

“हळू रं,” आक्का हसून म्हणाली, “आत्ताच तुझ्या दारात दाबलाय.”