पहिली बाटली

अमली पदार्थांची तपासणी असली की लघवीची पहिली बाटली मेजर स्वतःची भरायचे. म्हणजे मग एकाही जवानाला कुरकुर करायला तोंड उरायचं नाही. या खेपेला सगळी पलटण सुटली आणि नेमके मेजरच सापडले.

"झोपेच्या औषधाचा अंश आहे," डॉक्टर खाली बघत म्हणाले.

"अहो, मी साधी डोकेदुखीची गोळी घेत नाही! कुणीतरी बाटली बदललीय."

मेजरांनी अख्ख्या पलटणीला फैलावर घेतलं. कुणीच कबूल होईना. घरी आल्यावरही ते धुमसतच होते.

"आजवर कमावलेली अब्रू मातीत गेली. सापडू दे तो हरामखोर, सोडत नाही त्याला!"

"बाटली कुणी बदलली नाही," बायको म्हणाली. "रोज रात्री तुमच्या दुधात गोळी मीच घालते."

"वेड लागलंय का तुला? कशासाठी?"

"लढाईवरून आल्यापासून झोपेत तुमचे हात तुमचे राहत नाहीत. काल तुम्ही दूध न पिताच झोपलात."

एवढ्या उकाड्यात दिवसभर गळ्याभोवती गुंडाळलेली ओढणी तिने सोडली. आत बोटांचे काळेनिळे वळ होते.