पहिल्या दुकानातली फेरी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बाबा पहिल्या दुकानात आले.

कुदुगू गावावर वाळवंटाची धूळ उतरली होती. समोरचं पोस्ट ऑफिस दिसत नव्हतं, फक्त त्याचा दिवा दिसत होता, दुधात पडल्यासारखा. त्या पांढुरक्या उजेडातून आधी काठीचा आवाज आला. मग पांढरा पायघोळ झगा, काळा चष्मा आणि कानांपर्यंत उतरलेली लाल टोपी.

दारावर झेर्बो होता. तीस वर्षांपासूनचा जुना पहारेकरी. तो सामो जमातीचा, बाबा मोसी. सामोने मोसीची आणि मोसीने सामोची टर उडवायची, रागवायचं कुणीच नाही, हे दोघांच्या आजोबांच्याही आधीपासूनचं.

“अजून गेला नाहीस का रे म्हाताऱ्या?” झेर्बो म्हणाला. “मला वाटलं, सुटलो एकदाचा.”

“तुम्हा सामोंच्या आवडीचं कुत्र्याचं डोकं रांधून घालतो, मग जातो,” बाबा म्हणाले. “उपाशी ठेवलं तर तुझी माणसं मला शिव्या घालतील.”

गल्ल्यांवरच्या मुली हसल्या. झेर्बोने खिशातून चघळायचं कोलाचं बी काढून बाबांच्या हातावर ठेवलं आणि बाजूला झाला.

कूका हे तांदळाच्या थप्पीआडून पाहत होता. तो बाबांचा थोरला मुलगा. अकराही दुकानांचा कारभार त्याच्याकडे होता, आणि नऊ वाजता आबिजानच्या कंपनीचा माणूस विक्रीचे कागद घेऊन येणार होता. सही झाली की अकरा दारांवरची ‘नोबिला’ ही बाबांच्या नावाची पाटी उतरणार होती. कूकाने सगळं ठरवलं होतं. फक्त बाबांना विचारलं नव्हतं. आयुष्यात त्याने त्यांना फार काही विचारलंच नव्हतं. घरी तीन दिवस पाहुण्यांची रीघ. दोन शब्द बोलायला मिळाले तर ते इथेच.

बाबांनी नेहमीची फेरी सुरू केली. मिठाच्या पिशव्या दारापासून चार पावलं आत गेल्या होत्या. त्यांनी काठीने जमिनीवर जागा दाखवली.

“मीठ दारात. किती वेळा सांगायचं? सायकलवर मीठ विकत होतो तेव्हाही ते पुढच्या टोपलीत असायचं. बाई मिठासाठी थांबते आणि साबण बघते.”

“हो मालक,” दोन मुली म्हणाल्या आणि पिशव्या ओढू लागल्या.

रंगीत परातींवरची फुलं भिंतीकडे वळली होती. ती त्यांनी गिऱ्हाइकाकडे वळवायला लावली. एक बाई तांदूळ घेत होती. बाबांनी तिच्या पिशवीत वरून आणखी एक मूठ टाकली, नेहमीसारखी, न बोलता. बाईने गुडघे वाकवून आभार मानले आणि टोपीकडे बघत राहिली.

दोन नंबरचा गल्ला रिकामा होता. तिथे धाकट्या भावाची बायको पोको बसायची. तीन दिवस ती कामावर नव्हती. गेली आठ वर्षं बाबांची खुर्ची त्याच गल्ल्याला लागून असे. दोघांचं दिवसभर काय बोलणं चाले, कूकाने कधी ऐकलं नव्हतं. बाबा त्या खुर्चीकडे न बघता मागच्या गोदामात गेले.

कूका मागोमाग गेला. आत शेंगदाण्यांचा आणि नव्या कापडाचा वास होता. झरोक्यातून धूळ हळूहळू उतरत होती, जणू तिला कुठेच पोचायचं नव्हतं.

“बाबा, एक विचारायचं होतं.”

“विचार की. तीन दिवस तोंडात धरून फिरतोयस. गिळ नाहीतर थुंक.”

“दुकानं विकू का?”

बाबा एका पोत्यावर बसले. काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली.

“तू सायकलच्या दांडीवर बसला होतास,” ते म्हणाले. “सहा वर्षांचा. साबू गावाच्या रस्त्यावर.”

कूकाचा हात पोत्यावर होता, तो तिथेच राहिला.

“हे एकच दुकान होतं तेव्हा. त्याची किल्ली मी लेबनानी व्यापाऱ्याला देऊन आलो होतो. मगरींच्या तळ्यापाशी सायकल थांबवली आणि रडलो. तुला वाटलं, मगरींना घाबरलो. तू म्हणालास, बाबा, चला परत, मी बरोबर आहे ना. आणि आपण परत गेलो. किल्ली मागून आणली.”

हे कूकाने कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. बाबांनी त्याच दिवशी तशी शपथ घातली होती.

“म्हणजे विकू नको?”

“मी काहीच म्हणत नाही. मला परत न्यायला तू होतास. तुला कोण आहे, ते बघ.”

नऊ वाजता आबिजानचा माणूस आला. दाराशी बसलेल्या बाबांना त्याने कमरेत वाकून नमस्कार केला.

“तुमचे वडील?” त्याने विचारलं.

“हो,” कूका म्हणाला. “कागद ठेवून जा. नंतर सांगतो.”

“पाच वाजेपर्यंत थांबतो. त्यानंतर आमचा प्रस्ताव संपला.”

दुपारी बारा वाजता घरच्या अंगणात वडीलधाऱ्यांनी उत्तरकार्य संपल्याची खूण केली. पावसाळ्यात पुरलेले बाबा आता मोसींच्या रीतीप्रमाणे निघून गेले, आणि तीन दिवस त्यांचे कपडे घालून, त्यांच्या चालीने चालून, त्यांच्या नावाच्या हाकेला ओ देणाऱ्या धाकट्या सुनेने, पोकोने, टोपी उतरवली आणि आपल्या बाळाला पाजायला घेतलं. पावणेपाचला कागदांवर अजून सही झाली नव्हती. कूका तिच्यासमोर जाऊन बसला आणि साबूच्या रस्त्याची गोष्ट बाबांनी तुला कधी सांगितली, असं त्याने विचारलं.

“कुठला रस्ता, भाऊजी?” पोको म्हणाली.