आई उभी होती ती जागा

पडद्यावर आधी खिडकी उमटली, मग ओटा, मग भिंतीतलं कपाट. बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

"अगं, हे तर अगदी आपलंच स्वयंपाकघर!"

ते स्वयंपाकघर आता कुठेच नव्हतं. आई गेली आणि पाठोपाठ इमारतही पाडली गेली. नव्या घरात बाबांचं मन काही रमेना. त्यांच्या मुलीचं, ढबूचं, काम फोटोंवरून मापं काढायचं. पुलाच्या भेगा, खाणीतले खडीचे ढीग, कललेल्या भिंती. एके दिवशी बाबा तिला म्हणाले होते, "जगाच्या भिंती मोजतेस, तर आपल्या चार उभ्या करून दाखव की."

तिने घरातला होता नव्हता तो फोटो गोळा केला. एकच वस्तू वेगवेगळ्या जागांवरून काढलेल्या फोटोंत दिसली, की ती नेमकी कुठे आहे हे सॉफ्टवेअर शोधून काढतं. आपण दोन डोळ्यांनी अंतर ओळखतो, तसंच. त्या स्वयंपाकघरातलं जेवणाचं टेबल नव्या घरात सोबत आलं होतं. ते टेपने मोजून तिने खोलीला खरं माप दिलं.

"आणि माणसं कुठायत?" बाबांनी विचारलं.

"हलणारं काही यात टिकत नाही, बाबा. भिंती तेवढ्या राहतात."

"तुझी आईसुद्धा नाही?"

"ती मुळात फोटोंतच नाही. फोटो तीच काढायची ना."

बाबांचा चेहरा उतरला. ढबूला ते बघवेना. तिने एक बटण दाबलं आणि खोलीभर निळे ठिपके उमटले.

"फोटो कुठून काढला तेही यात कळतं. हा एकेक ठिपका म्हणजे आईच्या हातातला फोन. ही बघा, दारात उभी आहे. ही ओट्यापाशी."

बाबांनी दारातल्या ठिपक्यावर हलकेच बोट टेकवलं. "एवढीच होती गं उंचीला," ते म्हणाले. "आणि फोटो काढताना श्वास रोखून धरायची. जसं काही तिचाच फोटो निघतोय." ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

मग त्यांचं बोट खाली सरकलं. टेबलाच्या कोपऱ्याशी, टेबलाहून जेमतेम वर, ठिपक्यांचा पुंजका होता.

"हे असे खाली का?"

"चुकलं असेल काहीतरी," ढबू म्हणाली. तिने एकेक ठिपका उघडला, तारखा पाहिल्या. चूक नव्हती. आजार कळला त्याच्या आधीच्या अख्ख्या वर्षातले फोटो आईने टेबलाच्या त्या कोपऱ्यातल्या एकाच खुर्चीत बसून काढले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी आईला विचारलं होतं, "इतके दिवस काहीच त्रास नव्हता?" आई म्हणाली होती, "छे हो. आत्ताच काय ते जरा थकल्यासारखं होतंय." सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला होता.

ढबूने शेवटचा फोटो मोठा केला. तिचा स्वतःचा वाढदिवस. ती, तिचा नवरा आणि बाबा टेबलामागे उभे होते. तिघंही थेट कॅमेऱ्याकडे बघून खदखदून हसत होते. बाबांनी तर पोट धरलं होतं.

"आपण एवढे कशाला हसत होतो, बाबा?"

बाबांनी पडद्यावरचं बोट मागे घेतलं.

"मी म्हणालो होतो," ते म्हणाले, "राणीसरकारांना आता फोटोपुरतंसुद्धा सिंहासनावरून उठायचा कंटाळा येतो."